बोलिंग बॉलला भोकं नेमकी कुठं पाडायची? लेआउटनं खरंच किती फरक पडतो?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिकचे पार्ट, शाफ्ट आणि थोडं बॅलन्सिंगचं काम करतो. बेंगळूरला नोकरीत असताना टेनपिन बोलिंगचा नाद लागला आणि गावी परत आल्यावरही तो सुटला नाही. कामानिमित्त बेंगळूरला किंवा पुण्याला गेलो की संध्याकाळ लेनवर जाते.

आता मावसभावानं अमेरिकेहून येताना माझ्यासाठी नवा कोरा बॉल आणलाय. १५ पौंडी, बाहेरचं कवच रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचं, आतला वजनदार गाभा म्हणजे कोअर असिमेट्रिक. एकही भोक पाडलेलं नाही. वर एक रंगीत ठिपका आहे (कोअरच्या टोकाची खूण, हिलाही पिनच म्हणतात, लेनवर पाडायच्या पिना वेगळ्या), जरा बाजूला सीजीची म्हणजे गुरुत्वमध्याची खूण, आणि लांबवर मास बायसची खूण. भोकं या तीन खुणांच्या हिशेबानं कुठं पाडायची यालाच लेआउट म्हणतात, एवढं मला माहीत आहे.

प्रश्न असा की तोच बॉल, तोच हात, तीच लेन असताना फक्त भोकांची जागा बदलली तर बॉलच्या वळण्यात फरक पडतो का? बॅलन्सिंगवाल्या माणसाच्या नजरेनं मला वाटतं की सीजी उजवीकडं गेला तर बॉलचा तोल तिकडं जाणार आणि वळण बदलणार. जाणकारांनी सांगावं. दुसरं म्हणजे, भोकं मी आमच्याच मिलिंग मशीनवर पाडू शकतो का?

निपाणीचा_पाव्हणा

बोलिंगचा बॉल भोकांशिवाय मिळतो हे आज कळलं. मला वाटायचं, मॉलमध्ये असतात तसेच कारखान्यातून भोकांसकट येतात. बसलोय वाचत.

खानापूरची_रेवा

मीपण वाचतेय. एक शंका. लेन तर सरळ गुळगुळीत असते, मग बॉल वळतो तरी कशामुळं?

टिळकवाडी_ते_टेक्सास

रेवाताई, तिथूनच सुरुवात करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट. रुंदी ३९ पट्ट्यांची. पहिल्या चाळीसेक फुटांवर मशीननं तेल पसरलेलं असतं, पुढं लेन कोरडी. साध्या हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे तेल मारायच्या नेहमीच्या पद्धतीत, मधल्या पट्ट्यांवर तेल जास्त आणि कडेला कमी. तेलावर बॉल घसरत जातो, त्याची फिरकी आणि जायची दिशा यांचं जुळत नाही. कोरडं लागलं की पकड मिळते, बॉल वळतो, आणि शेवटी फिरकी आणि दिशा एक होऊन सरळ लोळत जातो. घसरणं, वळणं, लोळणं, हे तीन टप्पे. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल १ आणि ३ नंबरच्या पिनांच्या फटीत साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात जास्त. सरळ टाकून हा कोन मिळत नाही, म्हणून वळण लागतं.

उद्यमबागकर, आता तुमचा प्रश्न. फरक पडतो. पण सीजीमुळं नाही. १५ पौंड म्हणजे २४० औंस. यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची नियम ठरवणारी संस्था) नियमानुसार कुठल्याही बाजूला जास्तीत जास्त ३ औंसांचा फरक चालतो. २४० मध्ये ३, म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्यानं एवढा जड बॉल ओढला जात नाही. खरं काम करतो आतल्या कोअरचा आकार, आणि तो तुमच्या फिरण्याच्या अक्षाशी किती तिरका बसलाय ते.

तुम्ही बॉल सोडता त्या क्षणी तो एका अक्षाभोवती फिरत असतो. त्या अक्षाचं टोक बॉलच्या पृष्ठभागावर जिथं येतं तो बिंदू म्हणजे पीएपी. प्रत्येकाचा पीएपी वेगळा, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. लेआउट म्हणजे पिन आणि मास बायस या पीएपीपासून किती लांब आणि कुठल्या कोनात ठेवायचे ते ठरवणं. भोकांची जागा त्यातून आपोआप निघते.

लेनवाले_अण्णा

मी मूळ संकेश्वरचा, बेंगळूरला राहतोय. रबराचे बॉल होते तेव्हापासून या खेळात आहे. टेक्सासवाल्यानं सांगितलं ते बरोबर, पण पोरांनो क्रम उलटा लावू नका. आधी हात, मग बॉलचा पृष्ठभाग, मग कोअर आणि सगळ्यात शेवटी लेआउट. ५०० ग्रिटच्या पॅडनं घासलेला बॉल आणि पॉलिश मारलेला तोच बॉल यांत जेवढा फरक दिसतोय तेवढा लेआउट बदलून दिसणार नाही. खरखरीत बॉल लवकर पकडतो, गुळगुळीत लांब जातो. आणि पॅडला पाच मिनिटं लागतात.

टिळकवाडी_ते_टेक्सास

अण्णा, क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत. पण कोऱ्या बॉलला भोक एकदा पाडायचंय, मग पाडतानाच नीट का पाडू नये? पृष्ठभाग दर आठवड्याला बदलता येतो.

उद्यमबागकर

सीजीचं गणित पटलं. सव्वा टक्का म्हणजे खरंच काही नाही. पण मग कोअरचं 'तिरकं बसणं' म्हणजे आम्ही ज्याला डायनॅमिक अनबॅलन्स म्हणतो तेच का? शाफ्ट चाकूवर ठेवला तर तोल बरोबर असतो, पण फिरवला की थरथरतो. वजन दोन्हीकडं सारखं असतं, पण तिरकं वाटलेलं.

टिळकवाडी_ते_टेक्सास

तेच, अगदी तेच! बेळगावच्या मशीन शॉपवाल्याला हे समजावणं अमेरिकेतल्या लीग खेळाडूला समजावण्यापेक्षा सोपं आहे.

फरक एवढाच की शाफ्टला बेअरिंग असतात, तो जागा सोडू शकत नाही, म्हणून थरथरतो. बॉल मोकळा असतो, त्यामुळं त्याचा अक्षच हळूहळू सरकतो. भोवरा कलला की त्याचं टोक गोल फिरायला लागतं, तसंच. अक्ष सरकला की दर फेऱ्याला लेनला टेकणारी पट्टीसुद्धा थोडी सरकते. खेळून आल्यावर बॉल उजेडात धरा, तेलाच्या रिंगा पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या दिसतील. दोन ठिकाणी सगळ्या एकत्र येतात, तिथून फाकत जातात. यालाच फ्लेअर म्हणतात. फ्लेअर जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्याला कोरडी, तेल न लागलेली जागा लेनला भिडते आणि पकड वाढते. फ्लेअर नसेल तर बॉल स्वतःच्याच तेलकट पट्टीवर फिरत राहतो.

आता अंतराचं बघा. बॉलचा परीघ साधारण २७ इंच. पिन आणि पीएपी यांच्यातलं अंतर शून्य असेल, म्हणजे पिन अक्षावरच असेल, तर कोअर स्थिर, फ्लेअर जवळजवळ नाही. अंतर ६ पूर्णांक ३/४ इंच, म्हणजे पाव परीघ, तिथंही कोअर आडवा पण स्थिर. बरोबर मध्ये ३ पूर्णांक ३/८ इंचावर फ्लेअर सगळ्यात जास्त.

उद्यमबागकर

साइन २ थीटा! पाव परीघ म्हणजे ९० अंश, त्याचा अर्धा ४५. जडत्वाच्या तिरकस घटकात साइन आणि कोसाइनचा गुणाकार येतो, तो ४५ अंशांवर सगळ्यात मोठा. मिलिमीटरमध्ये ८५.७. आत्ता कळलं की हा आकडा कुणी असाच काढलेला नाही.

गोकाकचा_धबधबा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय राहिला होता माझा. बोलिंगमधून शिकवलं असतं तर निघाला असता.

खानापूरची_रेवा

पिन आणि पीएपीचं अंतर समजलं. मास बायसचं काय?

टिळकवाडी_ते_टेक्सास

असिमेट्रिक कोअरला तीन अक्षांवर तीन वेगवेगळी जडत्वं असतात. बॉलला जिथं स्थिर व्हावंसं वाटतं त्या अक्षाची खूण म्हणजे मास बायस, त्याला पीएसएही म्हणतात. सिमेट्रिक बॉलला अशी ठळक जागा नसते.

लेआउट मांडायची एक खूप वापरली जाणारी पद्धत म्हणजे ड्युअल अँगल. मो पिनेल नावाच्या डिझायनरनं ती रुजवली, २०२१ मध्ये तो गेला. त्यात तीन आकडे लिहितात, उदाहरणार्थ ५० × ४ १/२ × ४५. मधला आकडा पिन ते पीएपी अंतर, इंचांत. पहिला ड्रिलिंग अँगल: पिनपासून पीएपीकडं जाणारी रेघ आणि पिनपासून मास बायसकडं जाणारी रेघ यांच्यातला कोन. तो लहान ठेवला तर बॉल लवकर जागा होतो, म्हणजे वळायला लागतो, मोठा ठेवला तर उशिरा. तिसरा व्हीएएल अँगल. पीएपीमधून जाणारी, ग्रिपच्या (तिन्ही भोकांच्या) मधल्या रेघेला समांतर अशी एक उभी रेघ मारायची, ती व्हीएएल. पिनची रेघ तिच्याशी जो कोन करते तो हा. हा कोन लहान असला की पिन बोटांच्या वर जातो आणि कोरडं लागताच बॉल झटकन वळतो. मोठा असला की पिन बोटांच्या खाली येतो आणि बॉल आस्ते, गोलाईत वळतो.

म्हणजे पहिला कोन 'कधी' ठरवतो, तिसरा 'कसं' आणि मधला आकडा 'किती'. ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. दोन्ही कोनांची बेरीजही बघतात. ज्याचा वेग जास्त आणि फिरकी कमी त्याला लहान बेरीज लागते, नाहीतर बॉल जागा व्हायच्या आत पिनांपाशी पोचलेला असतो. ज्याची फिरकी जबरदस्त त्याला मोठी बेरीज, नाहीतर बॉल अर्ध्या लेनवरच आपली ताकद संपवतो.

चिकोडी_एक्सप्रेस

जरा थांबा, साइड वेटला (एका बाजूच्या जादा वजनाला) एवढ्यात मोडीत काढू नका. मला ज्यांनी बोलिंग शिकवलं ते सीजीची खूण तळहाताच्या उजवीकडंच ठेवायला सांगायचे, आणि त्यांचा बॉल सुरेख वळायचा. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

लेनवाले_अण्णा

आहे की, अनुभवाला किंमत आहेच. पण तुझ्या गुरुजींचा काळ बघ. त्या काळी बॉल प्लॅस्टिकचे नाहीतर रबराचे, आत नुसता वजनाचा चपटा ठोकळा. पृष्ठभागाला पकड कमी, कोअरला आकार नाही, म्हणून जी काही करामत करायची ती साइड वेटमध्येच. पुढं १९८० च्या दशकात युरेथेन आलं, १९९० च्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन, आणि कोअरही घडीव झाले. तेव्हापासून पिन कुठं आहे ते बघतात, सीजी नाही.

आणि दुसरी गोष्ट, सीजी उजवीकडं नेताना बरेचदा पिनही आपोआप सरकायचा. बॉल बदललेला दिसायचा, श्रेय मिळायचं सीजीला.

चिकोडी_एक्सप्रेस

पिनही सरकायचा, हा मुद्दा लक्षात आला नव्हता. विचार करतो. पण एकाच पिन पोझिशनवर सीजी वेगळा ठेवून कुणी बघितलंय का?

टिळकवाडी_ते_टेक्सास

मी बघितलंय, सिमेट्रिक बॉलवर. डोळ्यांना फरक दिसला नाही. लेनवरचं तेल सरकल्यानं एका गेममध्ये जेवढा बदल होतो तेवढाही नव्हता.

हिंडलगा_नाका

अवांतर: हा बॉल कुणी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझ्या मेव्हण्याच्या बॉलला भोकापासून भोकापर्यंत तडा गेला. आपल्याकडं पावसाळ्यात काही वाटत नाही, पण एप्रिल-मेमध्ये डिकीची भट्टी होते.

खानापूरची_रेवा

अवांतरात भर. पावसाळ्यात माझा अंगठा फुगतो, मॉलमधल्या बॉलमध्ये अडकतो. स्वतःचा बॉल असणाऱ्यांचं काय होतं?

लेनवाले_अण्णा

रेवा, अंगठ्याच्या भोकात टेपच्या पट्ट्या चिकटवतात. अंगठा फुगला की एक काढायची, बारीक झाला की एक लावायची. माझ्या पिशवीत बॉलपेक्षा टेप जास्त असतो.

शहापूर_विणकर

दोन हातांनी टाकणारे अंगठा घालतच नाहीत, त्यांचं लेआउट कसं करतात? ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटेचे व्हिडिओ बघतो मी, त्याच्या बॉलला अंगठ्याचं भोकच नसतं.

टिळकवाडी_ते_टेक्सास

तत्त्व तेच, पीएपी मोजायचा आणि तिथून पुढं. फिरकी प्रचंड असल्यानं त्यांचे कोन सहसा मोठे असतात. एक नियम मात्र लक्षात ठेवायचा. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीनं बॅलन्स होल बंद केलीत. आधी भोकं पाडून झाल्यावर एक जादा भोक पाडून बॉलची चाल वाढवता किंवा कमी करता यायची. आता प्रत्येक भोक पकडीसाठीच हवं आणि प्रत्येक वेळी वापरलं गेलं पाहिजे. म्हणून दोन हातांनी टाकणाऱ्यानं अंगठ्याचं भोक पाडून रिकामं ठेवलं तर ते बॅलन्स होल धरलं जातं.

उद्यमबागकरांना याचा परिणाम असा की नंतर दुरुस्तीची ती एक वाट बंद झाली. लेआउट पहिल्यांदाच विचार करून ठरवायला हवा.

उद्यमबागकर

अंगठ्याच्या भोकाचा हिशेब मी आज चहाच्या सुट्टीत मांडला. १ इंच व्यास, पावणेतीन इंच खोली, बॉलची सरासरी घनता धरली तर दीड औंसाच्या आसपास माल निघतो. बोटांची दोन भोकं वेगळी. म्हणजे भोकं पाडणं हीच कोअरमध्ये केलेली एक ढवळाढवळ आहे. सिमेट्रिक बॉलही भोकं पाडल्यावर पुरता सिमेट्रिक राहत नसणार.

टिळकवाडी_ते_टेक्सास

नाही राहत. बरोबर पकडलंत.

मच्छे_मशिनिस्ट

माझाही अनुभव सांगतो. एका मोठ्या शहरातल्या दुकानात बॉलला भोकं पाडून घेतली. त्या माणसानं माझा पीएपी मोजला नाही, हात बघितला नाही, विचारलं फक्त 'जास्त वळायला हवा की कमी?' मी म्हटलं जास्त. पिन दिला मधल्या बोटावर आणि बॉल दिला हातात. लेनवर बॉलचे रोल अंगठ्याच्या भोकावरून जायला लागले, दर फेऱ्याला टक् टक् आवाज. फ्लेअर इतका की रिंगा भोकांवर चढल्या. वर स्पॅन (अंगठ्याचं भोक आणि बोटांची भोकं यांतलं अंतर) एवढा लांब की तिसऱ्या गेमला मनगट दुखायचं. पैसे गेले ते गेले, पण दोन महिने खेळ बिघडला. म्हणून सांगतो, पीएपी मोजल्याशिवाय भोक पाडू देऊ नका, दुकानदार कितीही नावाजलेला असो.

लेनवाले_अण्णा

स्पॅनची गोष्ट मोलाची सांगितलीस. लेआउटचे आकडे बघून माणूस हरखून जातो आणि हाताचं माप विसरतो. फिंगरटिप ग्रिपमध्ये अंगठा पूर्ण आत घालायचा, बोटं बॉलवर सैल टाकायची. पहिल्या सांध्याची रेघ भोकाच्या आतल्या कडेला आली पाहिजे. बोटं ताणलेली नकोत, आखडलेलीही नकोत. माप चुकलं तर माणूस बॉल दाबून धरतो, सुटताना अंगठा अडकतो, आणि मग पीएपीसुद्धा दर वेळी वेगळा येतो. असल्या हातावर कसलाही लेआउट काम करत नाही.

उद्यमबागकर

मग मूळ प्रश्नाकडं येतो. पीएपी कसा मोजायचा? आमच्याकडं त्याचं खास साधन नाही.

टिळकवाडी_ते_टेक्सास

साधन नसलं तरी जमतं. कमी फ्लेअरचा साधा प्लॅस्टिकचा बॉल घ्या, तुमच्या हाताला बसणारा. तेल असलेल्या लेनवर नेहमीसारखा टाका. परत आला की तेलाची रिंग दिसेल, फ्लेअर कमी असल्यानं सगळ्या रिंगा जवळजवळ एकावर एक. खडूनं किंवा मेणाच्या पेन्सिलनं ती रिंग पूर्ण गोल आखा. आता त्या वर्तुळाच्या प्रत्येक भागापासून सारख्या अंतरावर असणारा बिंदू शोधा, उजव्या हाताच्या खेळाडूला तो ग्रिपच्या उजवीकडं सापडतो. तिथं पांढऱ्या टेपचा लहान चौकोन चिकटवा आणि परत टाका. मित्राला मागून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. सुटल्याबरोबर टेप एका जागी स्थिर फिरताना दिसला तर बिंदू बरोबर. गोल गोल हिंडताना दिसला तर सरकवा.

मग ग्रिपच्या मध्यबिंदूपासून आडवं किती आणि वर किंवा खाली किती ते मोजा. लवचिक टेप बॉलला चिकटवून मोजायचं, सरळ पट्टीनं नाही.

उद्यमबागकर

शनिवारी पुण्याला गेलो होतो, तिथं मोजून आलो. पीएपी ५ इंच उजवीकडं, अर्धा इंच वर. दोन वेळा ताडून बघितला, टेप जागच्या जागी फिरत होता. फार सुंदर दिसतं ते! एवढा जड बॉल साठ फूट पळतोय आणि त्यावर पांढरा ठिपका हलत नाही.

माझा वेग जास्त आहे, फिरकी बेताची. खेळतो बहुतेक वेळा संध्याकाळी, दिवसभर गिऱ्हाइकांनी वापरलेल्या लेनवर. सांगा आता आकडे.

टिळकवाडी_ते_टेक्सास

वेग जास्त आणि फिरकी बेताची, म्हणून मी म्हणेन ४० × ४ × ३५. बेरीज लहान, बॉल वेळेवर जागा होईल.

लेनवाले_अण्णा

माझं मत वेगळं. तू अमेरिकेतल्या लीगचा विचार करतोस, तिथं खेळ सुरू व्हायच्या आधी ताजं तेल मारलेलं असतं. हा खेळणार दिवसभर वापरलेल्या लेनवर. तिथं पुढचं तेल उडालेलं, मागं वाहून गेलेलं. असिमेट्रिक बॉल, वर इतका चढा लेआउट दिलास तर बॉल मध्येच पकडेल आणि पिनांपाशी जाऊन ढेपाळेल. ५५ × ४ १/२ × ४५ दे. शिवाय हा त्याचा एकच स्वतःचा बॉल. एकाच बॉलवर सगळं भागवायचं असेल तर लेआउट मध्यम असावा.

टिळकवाडी_ते_टेक्सास

वापरलेली लेन हा मुद्दा मोठा आहे, तो मी कमी धरला होता. मधलं अंतर ४ १/२ मान्य. फ्लेअर थोडा कमी, बॉल जरा लांब जाईल. ड्रिलिंग अँगल मात्र मी ५० वर ठेवेन, त्याच्या वेगासाठी. ५० × ४ १/२ × ४५. पृष्ठभाग कारखान्यातून आलाय तसाच ठेवून सुरुवात करा. लवकर पकडतोय असं वाटलं तर पॉलिश, लांब जातोय वाटलं तर २००० चा पॅड.

लेनवाले_अण्णा

चालतंय. ५० ला माझी हरकत नाही.

उद्यमबागकर

दोघांचे मनापासून आभार. कागदावर मांडून बघितलं. पिन अनामिकेच्या भोकापासून वर आणि उजवीकडं, दोन्हीकडं साधारण इंचभर येतो. मास बायस अंगठ्याच्या जवळपास. पिनवर भोक येत नाही.

आता मशीनचं. फिक्स्चर असं डोक्यात आहे: जाड पाइपचा तुकडा लेथवर फेस करून घ्यायचा, आतली कड तिरकी करायची, त्यावर चामडं चिकटवायचं. बॉल त्यावर बसला की केंद्र आपोआप पाइपच्या अक्षावर. वरून तसाच दुसरा रिंग क्लॅम्प. पिच द्यायचा असेल तर टेबल तेवढं सरकवायचं, कारण भोकाचा अक्ष बॉलच्या केंद्राला जेवढा चुकवतो तेवढा पिच, असंच ना?

मच्छे_मशिनिस्ट

असंच. दोन गोष्टी सांगतो. कूलंट अजिबात वापरू नका, रिअ‍ॅक्टिव्हचा पृष्ठभाग तेल पितो. आणि फीड घाईनं देऊ नका. रेझिन तापलं की चिप्स चिकटतात आणि भोकाची भिंत खरबरीत होते. थोडं आत, बाहेर, चिप्स झाडा, परत आत. धुळीसाठी मास्क लावा.

नव्या बॉलला हात लावायच्या आधी जुन्या बॉलवर सराव करा. बोलिंगवाल्यांकडं टाकून दिलेले हाउस बॉल (गिऱ्हाइकांना खेळायला ठेवलेले) मिळतात, एखादा मागून घ्या.

लेनवाले_अण्णा

आणि अंगठ्याचं भोक थेट मापाला पाडू नकोस. मोठं भोक पाडून त्यात स्लग (भोकात बसणारा गोल ठोकळा) बसव आणि मापाचं भोक स्लगमध्ये पाड. पुढं माप बदललं तर स्लग बदलता येतो, बॉलला परत हात लागत नाही.

शहापूर_विणकर

लेआउट जमला तर कुंदा पाठवा!

उद्यमबागकर

नाही जमला तरी पाठवतो.

पुण्याहून एक जुना हाउस बॉल मागून आणलाय, या रविवारी शॉप बंद असतं तेव्हा त्याच्यावर पाइपचं फिक्स्चर तपासणार. अण्णा, एकच विचारायचं राहिलं. माझा अंगठा मागं फार वाकत नाही, ताठ आहे. अंगठ्याला पिच पुढं द्यायचा की मागं?

लेनवाले_अण्णा

आधी शून्यावर पाड, सरावाच्या बॉलवर. भरपूर टाकून बघ. अंगठा उशिरा सुटत असेल, मागच्या बाजूला घासत असेल तर मागं, १/८ इंच. बॉल हातातून आधीच निसटत असेल, धरून ठेवावा लागत असेल तर पुढं १/८. एकदम पाव इंचाची उडी मारू नकोस. आणि टाकताना अंगठ्याचा फोटो काढून इथं टाक, घासल्याची लाली नेमकी कुठं येते ते बघून सांगतो.

उद्यमबागकर

रविवारी रात्री फोटो टाकतो.